आकडा विचारा, छेद विचारा
(बौद्ध पालक व विद्यार्थी यांच्या सभेत दिलेले भाषण)



आजच्या सभेत मुलांच्या शिक्षणासंबंधी मी चार शब्द बोलावेत अशी चालकांनी मला आज्ञा केली आहे. मी विद्वान नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी एका सरकारी कचेरीत एकतीस वर्षे मी लिपिक होतो आणि दोन वर्षांपूर्वी सेवानिवृत्त झालो. दरमहा तक्ते भरून वरिष्ठांकडे पाठविणे हेच माझे काम होते. जन्म किती, मृत्यू किती, लस टोचलेली बालके किती, असे रकाने मी भरीत असे, खाली बेरीज करीत असे आणि शेवटच्या रकान्यात टक्केवारी मांडीत असे. माझी बेरीज क्वचितच चुकली. परंतु त्या टक्केवारीचा अर्थ काय, हे मला कोणी कधी विचारले नाही, आणि मीही कोणाला विचारले नाही. एकतीस वर्षे जो मनुष्य आकड्यांवर पोट भरीत आला, त्याला आकड्यांची भाषा ठाऊक नव्हती, ही कबुली मी प्रारंभीच देतो.

वयाच्या साठाव्या वर्षी मी संख्याशास्त्राचा प्राथमिक अभ्यासक्रम शिकलो. कोणत्याही महाविद्यालयाची पायरी मी त्यासाठी चढलो नाही. घरात बसून, मोबाइलच्या पडद्यावर प्राध्यापकांची व्याख्याने ऐकून आणि वहीत उदाहरणे सोडवून मी तो पुरा केला. हे मी हौसेने केले असे मात्र आपण समजू नये. माझ्या मुलीच्या नापास होण्याने मला त्या वर्गात नेऊन बसविले. ती हकीकत आज सांगावी असे मी तिला विचारले, आणि तिने संमती दिली म्हणूनच सांगत आहे.

माझी मुलगी बी. ए. च्या दुसऱ्या वर्षात अर्थशास्त्र घेऊन शिकत होती. अलीकडे विद्यापीठीय शिक्षणात अशी सोय झाली आहे की, पदवीच्या श्रेयांकांपैकी काही भाग विद्यार्थ्याला इंटरनेटवरील मान्य अभ्यासक्रमातून मिळविता येतो. केंद्र शासनाने २०१७ च्या जुलै महिन्यात ‘स्वयम्’ नावाचे व्यासपीठ सुरू केले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील अभ्यासक्रमांचा चाळीस टक्क्यांपर्यंत भाग त्यातून घेण्यास महाविद्यालये परवानगी देऊ शकतात. आयआयटी व बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून चालविलेला ‘एनपीटीईएल’ हा उपक्रम तर २००३ पासूनचा आहे, आणि त्याचे अभ्यासक्रम आता ‘स्वयम्’वर मिळतात. व्याख्याने ऐकण्यास काही द्यावे लागत नाही. प्रमाणपत्र हवे असेल तर परीक्षेचे शुल्क भरावे लागते.

हे ऐकून आम्हाला आनंद झाला. माझ्या पिढीतील किती मुले केवळ शहरात खोली घेण्याची ऐपत नाही म्हणून शिकावयाची राहिली! ज्या प्राध्यापकांच्या वर्गात आपला प्रवेश होणे दुरापास्त होते, ते प्राध्यापक आता आपल्या चुलीशेजारी येऊन शिकवितात, ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु दार उघडे असणे वेगळे आणि आत जाऊन शेवटपर्यंत बसणे वेगळे. हा भेद आम्ही त्या वेळी ओळखला नाही.

तो अभ्यासक्रम बारा आठवड्यांचा होता. प्रत्येक आठवड्यास व्याख्याने येत आणि एक गृहपाठ येई. तो ठराविक तारखेच्या आत पाठवावा लागे. अखेरची परीक्षा मात्र घरी नव्हती. नेमलेल्या केंद्रावर जाऊन संगणकासमोर बसावे लागे. गुणांची वाटणी अशी: गृहपाठास पंचवीस, परीक्षेस पंचाहत्तर. प्रमाणपत्रासाठी गृहपाठात किमान दहा आणि परीक्षेत किमान तीस गुण हवेत.

आमच्या घरात तेव्हा एकच चांगला मोबाइल होता. दिवसा तो मुलाजवळ, कारण त्याचे काम त्यावर चाले. रात्री नऊनंतर तो मुलीच्या हाती येई. पहिले दोन आठवडे ती उत्साहाने बसली. तिसऱ्या आठवड्यात ‘प्रमाण विचलन’ नावाचा भाग आला, आणि तेथे तिची गाडी अडली. इंग्रजी भाषेचा वेग, त्यात वर्गमूळ, त्यात दिवसभराचा शीण. विचारावे तर कोणाला? आईला नाही, बापाला नाही, शेजारी नाही. तेवढ्यात एका मैत्रिणीने सांगितले की, गृहपाठाची तयार उत्तरे मोबाइलवर फिरत असतात. मुलीने ती उतरून काढली. पैकीच्या पैकी गुण आले. त्यानंतर दर आठवड्याला तेच झाले. व्याख्याने मागे पडत गेली आणि गुण मात्र पूर्ण येत गेले. आम्ही आईबाप ते गुण पाहून समाधान मानीत होतो.

परीक्षेत तिला पंचाहत्तरपैकी बावीस गुण मिळाले. गृहपाठाचे पंचवीस धरून बेरीज सत्तेचाळीस होत होती. परंतु परीक्षेतील तीसची अट पुरी झाली नव्हती. ती रडू लागली. “बाबा, उत्तरे सगळ्यांनीच उतरली होती,” असे ती म्हणाली. मी विचारले, “मग नापासही सगळेच झाले काय?” ती म्हणाली, “नाही. काही जण पास झाले.” ज्यांच्या घरी शिकविणारे कोणी होते, किंवा ज्यांनी शिकवणी लावली होती, ते उत्तरे उतरूनही तरले, माझ्या मुलीला तो आधार नव्हता. नक्कल ही सर्वांनाच घातक आहे, परंतु ज्याच्यामागे कोणी नाही त्याला ती सर्वांत अधिक घातक ठरते. संपन्न घरातील मुलाची चूक त्याचे घर भरून काढते. आपल्या मुलांची चूक भरून काढणारे कोणी नाही. म्हणून प्रामाणिकपणा हा आपल्यासाठी केवळ शीलाचा प्रश्न नाही. तो आपल्या टिकून राहण्याचाही प्रश्न आहे.

मी तिला रागावलो नाही. माझ्याच एकतीस वर्षांची मला आठवण झाली. मीदेखील अर्थ न समजता रकाने भरले होते. तिने अर्थ न समजता उत्तरे भरली. पुढल्या वेळी आम्ही दोघांनी मिळून नाव नोंदविले. शुल्क पुन्हा भरावे लागले. ते मी माझ्या निवृत्तिवेतनातून भरले आणि एक जुना मोबाइल दुरुस्त करून घेतला.

आता या शास्त्रात शिकावयाचे तरी काय असते, ते सांगतो. कारण पुष्कळांचा असा समज आहे की संख्याशास्त्र म्हणजे मोठमोठ्या बेरजा. तसे नाही. बेरीज यंत्र करते. एखादा आकडा आपल्यापुढे आला असता त्यावर किती विश्वास ठेवावा, हे ठरविण्याची रीत म्हणजे संख्याशास्त्र होय.

पहिल्या आठवड्यात माहितीचे प्रकार शिकवितात. धर्म, मातृभाषा, गाव ही नुसती नावे आहेत. त्यांची मोजदाद करता येते, परंतु सरासरी काढता येत नाही, आणि त्यांत वरचे-खालचे असे काही नसते. शिक्षणाच्या इयत्तेत क्रम असतो. उंची, वजन, उत्पन्न यांत मोजमाप असते. हा साधा धडा मी ऐकला तेव्हा माझ्या मनात आले की, ज्या नावांत क्रमच नाही त्यांत क्रम लावण्याचा अपराध या देशात हजारो वर्षे चालला. संख्याशास्त्राचा पहिलाच नियम त्या अपराधास चूक ठरवितो.

पुढे सरासरी आणि मध्यक येतात. एका आळीत दहा घरे आहेत असे समजा. नऊ घरांचे मासिक उत्पन्न प्रत्येकी १०,००० रुपये आहे आणि दहाव्या घराचे २,१०,००० रुपये आहे. एकूण झाले ३,००,०००; दहाने भागले की सरासरी ३०,००० रुपये. कोणी पाहुणा येऊन म्हणेल की, या आळीत दर घरी तीस हजार येतात, मग यांना मदतीची गरज ती काय? परंतु तीस हजार मिळविणारे एकही घर त्या आळीत नाही. तीच उत्पन्ने चढत्या क्रमाने मांडून मधला आकडा घेतला तर तो येतो १०,०००. यालाच मध्यक म्हणतात. सरासरी खोटी नव्हती. परंतु ती चुकीच्या प्रश्नाचे उत्तर होती. जेथे विषमता मोठी, तेथे सरासरी ऐकल्याबरोबर मध्यक मागावा.

त्यानंतर ते प्रमाण विचलन, जेथे माझी मुलगी अडली होती. तिने आणि मी ते ज्या उदाहरणाने समजून घेतले तेच देतो. एका वर्गातील पाच मुलांना ४८, ४९, ५०, ५१, ५२ असे गुण आहेत. दुसऱ्या वर्गातील पाच मुलांना १०, ३०, ५०, ७०, ९० असे आहेत. दोन्ही वर्गांची सरासरी ५०, आणि मध्यकही ५०. परंतु पहिल्या वर्गात सारे एका ओळीत चालले आहेत; दुसऱ्यात कोणी पुढे गेला आहे आणि कोणी खड्ड्यात पडला आहे. हा फैलाव मोजण्यासाठी प्रत्येक गुणाचे सरासरीपासूनचे अंतर घ्यावयाचे, त्याचा वर्ग करावयाचा, त्या वर्गांची सरासरी काढावयाची आणि तिचे वर्गमूळ घ्यावयाचे. पहिल्या वर्गाचे प्रमाण विचलन येते सुमारे १.४, दुसऱ्याचे सुमारे २८.३. आकडे हातात आल्यावर मुलगी म्हणाली, “एवढेच होते होय?” होय, एवढेच होते. परंतु हे एवढे समजण्यासाठी कोणीतरी जवळ बसावे लागते.

येथे आमचा एक आठवडा भांडणातही गेला. तिचे उत्तर २८.३ येई आणि माझ्या संगणकाचे ३१.६ येई. दोघेही बरोबर होतो. समोरची पाच मुले हाच संपूर्ण वर्ग असेल तर पाचाने भागावे. ती पाच मुले मोठ्या समूहातून घेतलेला नमुना असतील तर एक कमी करून चाराने भागावे, कारण नमुन्याच्या स्वतःच्याच सरासरीपासून अंतरे मोजली की फैलाव थोडा कमी दिसतो, आणि ती उणीव भरून काढावी लागते. गणकयंत्रावर या दोन रीतींच्या दोन कळा असतात. विद्यार्थ्यांनो, उत्तर जुळत नसेल तर स्वतःस मूर्ख ठरविण्यापूर्वी आपण कोणती कळ दाबली ते पाहा.

मग नमुना घेण्याचे शास्त्र येते. भाताचे एक शीत चाचपून भात शिजला की नाही ते आपण ओळखतो, हा नमुनाच होय. परंतु भांडे ढवळलेले असावे लागते. अमेरिकेत १९३६ साली अध्यक्षपदाची निवडणूक होती. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांस पत्रिका धाडल्या आणि तेवीस-चोवीस लाख उत्तरे गोळा केली. त्यावरून लँडन निवडून येतील असे त्याने छापले. प्रत्यक्षात रूझवेल्ट प्रचंड बहुमताने निवडून आले. पत्ते घेतले होते ते बहुतांशी टेलिफोनच्या व मोटारगाड्यांच्या याद्यांतून. मंदीच्या त्या काळात ज्याच्या घरी ना टेलिफोन ना मोटार, त्या गरिबास कोणी विचारलेच नव्हते. शिवाय ज्यांनी उत्तरे पाठविलीच नाहीत, त्यांचे मत काय हे कोणास ठाऊक नव्हते. जॉर्ज गॅलप यांनी याहून कितीतरी लहान नमुना घेऊन विजेता बरोबर सांगितला. यावरून बोध असा की, किती लोकांना विचारले यापेक्षा कोणाला विचारले हे महत्त्वाचे. आपल्या वस्तीबद्दल एखादी पाहणी प्रसिद्ध झाली, तर पाहणी करणारा वस्तीत कोणत्या वेळी आला होता हे विचारावे. दुपारी आला असेल तर मजुरीस गेलेली माणसे त्याला भेटलीच नसतील.

आपल्या देशाने या विद्येत मोठी कामगिरी केली आहे, हे मुलांना सांगितले पाहिजे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली कलकत्त्यास भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली. बंगालमधील तागाच्या पिकाचा अंदाज त्यांनी नमुना पद्धतीने केला, आणि १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. सातारा जिल्ह्यातील बुध या खेड्यात १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे पिकांच्या नमुना पाहणीत व पुढे आहारविषयक संख्याशास्त्रात जगप्रसिद्ध झाले आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत त्यांनी काम केले. खेड्यात जन्मलेल्या मराठी मुलाला हे शास्त्र परके नाही.

सहसंबंधाच्या धड्यात मला सर्वांत अधिक धक्का बसला. १९७३ साली अमेरिकेतील बर्कले विद्यापीठात प्रवेश मागणाऱ्या पुरुषांपैकी सुमारे ४४ टक्के घेतले गेले, स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्के. उघड अन्याय दिसतो. परंतु विभागवार पाहिले तर बहुतेक विभागांत स्त्रियांविरुद्ध भेद दिसेना. स्त्रियांचे अर्ज अधिक करून अशा विभागांकडे होते, जेथे प्रवेशच फार थोड्यांना मिळे. याचा अर्थ अन्याय कोठेच नाही असा घेऊ नये. मुलींना सोप्या प्रवेशाच्या विभागांपर्यंत पोहोचू न देणारी कारणे शाळेत, घरात, समाजात असू शकतात. अर्थ इतकाच की, अन्यायाची जागा नेमकी शोधल्याखेरीज त्यावर घाव बसत नाही. आपण हक्कांची भाषा बोलणारी माणसे आहोत. म्हणून आपला पुरावा इतरांपेक्षा अधिक तपासलेला असला पाहिजे. कच्चा आकडा घेऊन सभेत उभे राहिलो आणि विरोधकाने तो खोडून काढला, तर खरी तक्रारही खोटी ठरते.

हे शास्त्र ज्यांनी वाढविले ते सर्व समतावादी होते असे नाही, हेही लपवू नये. गाल्टन, पिअर्सन, फिशर या थोर गणितज्ञांनी सुप्रजननवादाचा, म्हणजे माणसांची जन्मावरून प्रत ठरविण्याचा, पुरस्कार केला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने २०२० साली गाल्टन व पिअर्सन यांची नावे आपल्या इमारतींवरून काढली. आपल्याकडे १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त रिस्ले यांनी नाकाची मापे घेऊन जातींची उतरंड वंशावर उभी आहे असे मांडले. मग अशा शास्त्राला आपण हात लावावा काय? याचे उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतःच्या कृतीने दिले आहे. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात त्यांनी नाकाच्या मापांचेच तक्ते पुढे ठेवले, आणि ब्राह्मण व अस्पृश्य हे वंशाने भिन्न नाहीत, असे त्या आकड्यांवरून दाखविले. ज्या मापाने हीनत्व सिद्ध करू पाहिले गेले, तेच माप त्यांनी हीनत्वाच्या सिद्धांताविरुद्ध साक्षीस उभे केले. १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर लिहितानाही त्यांनी हाच विवेक दाखविला होता. शेताचा आकार लहान की मोठा हे नुसत्या क्षेत्रफळाच्या आकड्यावरून ठरत नाही, त्या जमिनीवर राबणारे श्रम आणि भांडवल यांच्या प्रमाणात ते पाहावे लागते, असे त्यांनी सांगितले. आकडा एकटा बोलत नाही. तो कशाच्या तुलनेत आहे हे विचारावे लागते.

ही गोष्ट आपल्याच उदाहरणाने पाहू. १९५१ च्या जनगणनेत भारतात बौद्धांची संख्या सुमारे १ लाख ८० हजार होती. १९६१ मध्ये ती सुमारे साडेबत्तीस लाख झाली. दहा वर्षांत अठरा पट! ज्याला इतिहास ठाऊक नाही तो यावरून जन्मदराविषयी काहीही निष्कर्ष काढील. परंतु मध्ये १४ ऑक्टोबर १९५६ चा दिवस आहे. माणसे नवी जन्मली नव्हती. माणसांनी आपले नाव नव्या रकान्यात लिहिले होते. आकड्यातील मोठी उडी दिसली की प्रथम विचारावे, वस्तू बदलली की वर्गवारी बदलली?

आता छेदाचा धडा. २०११ च्या जनगणनेत भारतात ८४ लाख ४३ हजार बौद्ध होते, त्यांपैकी ६५ लाख ३१ हजार महाराष्ट्रात. म्हणजे देशातील बौद्धांपैकी सुमारे ७७ टक्के महाराष्ट्रात राहतात. हेच ६५ लाख ३१ हजार महाराष्ट्राच्या एकूण लोकसंख्येचे सुमारे ५.८ टक्के होतात. अंश तोच, एका टक्केवारीचा छेद देशातील बौद्ध, दुसरीचा छेद महाराष्ट्रातील सर्व लोक. ज्याला आपणास मोठे दाखवावयाचे आहे तो एक सांगेल, लहान दाखवावयाचे आहे तो दुसरी सांगेल, आणि दोघेही खरेच बोलतील. म्हणून टक्केवारी ऐकली की आधी तिचा छेद कोणता, हे विचारण्याची सवय मुलांना लावा. एकतीस वर्षे मी टक्केवारी लिहिली, परंतु छेद कोणाचा हे मी तपासले नव्हते. तालुक्यातील बालकांची जी संख्या आम्ही धरीत होतो, तीत वीटभट्टीवरील आणि ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची बालके होती की नव्हती, याचे उत्तर आजही माझ्याजवळ नाही. ज्याची छेदात गणना नाही, त्याची लस चुकली तरी टक्केवारी शंभरच राहते. हे कळले त्या रात्री मला झोप आली नाही.

तुमच्यापैकी कित्येक कुटुंबांनी अलीकडेच धम्मदीक्षा घेतली आहे. शासनाने २०२५ मध्ये जाहीर केल्याप्रमाणे पुढील जनगणना २०२७ ची असून तीत जातीचीही नोंद घेतली जाणार आहे. १९९० च्या कायद्याने बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींच्या लोकांस अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला. यास्तव धर्म आणि जात हे दोन प्रश्न वेगळे असून दोन्हींची उत्तरे द्यावयाची असतात, हे घरातील प्रत्येकास ठाऊक असले पाहिजे. गणकाने काय लिहिले ते आपण विचारावे. तो एक रकाना पुढील अनेक वर्षे आपल्या नावाने बोलत राहतो.

आता ज्या मुलांना हा अभ्यासक्रम घ्यावयाचा आहे, त्यांच्या पालकांना अनुभवाच्या काही गोष्टी सांगतो. आम्ही रोज पहाटे पाच ते सहा ही वेळ ठरविली, कारण रात्रीचा अभ्यास थकव्याने बुडतो. व्याख्यान एकदा थांबवीत थांबवीत ऐकावे आणि दुसऱ्यांदा वही उघडी ठेवून ऐकावे. इंग्रजी पारिभाषिक शब्द एका बाजूस आणि मराठी अर्थ दुसऱ्या बाजूस अशी वही आम्ही केली. दोन महिन्यांत तीत दीडशे शब्द झाले आणि भाषेची भीती गेली. गृहपाठ तारखेच्या दोन दिवस आधी स्वतः सोडवावा आणि चुकलेले उदाहरण कागदावर पुन्हा सोडवावे. चुकलेला गृहपाठ हा आजार सांगणारा वैद्य आहे. उतरलेला गृहपाठ त्या वैद्याचे तोंड बंद करतो. आकडेमोडीसाठी पैसे घालवू नयेत. ‘लिब्रे ऑफिस’ आणि ‘आर’ या संगणक-प्रणाली विनामूल्य मिळतात.

सर्वांत महत्त्वाची सूचना अशी की, एकट्याने शिकू नये. इंटरनेटवरील वर्गात हजारो विद्यार्थी असतात, परंतु प्रत्येक जण एकटा असतो. आठव्या आठवड्यापासून आमच्या वस्तीतील आणखी तीन मुले रविवारी विहारात वंदनेनंतर आमच्याबरोबर बसू लागली. एकाला संभाव्यता चांगली कळे, दुसऱ्याला संगणक. ज्या घरात मोबाइल एकच आहे, त्या घरातील मुलासाठी विहारातील एक संगणक आणि एक तास राखून ठेवणे, हे आपल्या चालकांना अशक्य नाही. आपण विहारे बांधली. त्यांचा हाही उपयोग व्हावा. कालामांना तथागतांनी ऐकीव गोष्टीवर विसंबू नये असे सांगितले. आजच्या काळात ऐकीव गोष्ट बहुधा आकड्याचे कपडे घालून येते.

दुसऱ्या वेळी मुलीला गृहपाठात सतरा आणि परीक्षेत सेहेचाळीस गुण मिळाले. मला अनुक्रमे चौदा आणि पस्तीस. तिच्या पहिल्या खेपेच्या पंचवीसपेक्षा हे सतरा गुण मला अधिक मोलाचे वाटतात, कारण ते तिचे स्वतःचे आहेत. माझे प्रमाणपत्र कोणत्याही नोकरीच्या उपयोगाचे नाही. परंतु गेल्या महिन्यात आमच्या ग्रामसभेत एका योजनेचा लाभ शंभर टक्के लोकांना मिळाल्याचे वाचून दाखविले गेले, तेव्हा माझी मुलगी उभी राहिली आणि तिने एवढेच विचारले, “शंभर टक्के, पण कोणाच्या यादीपैकी?” यादी आणविली गेली. तीत आमच्या वस्तीतील अकरा घरे नव्हती. ती घालून घेण्याचे ठरले आहे. ती घातली गेली की नाही, हे पाहण्यासाठी आम्ही पुढच्या सभेस जाणार आहोत.

आपल्या प्रत्येक घरात असा प्रश्न विचारणारे एक तरी मूल निघावे, एवढीच माझी विनंती आहे. 

जय भीम.